सातव्यातली पाठवणी

गंगम्मा सुनेला माहेरी धाडत होती आणि लातूरच्या त्या गल्लीतल्या बाया कामं टाकून दारात उभ्या होत्या. तीन वर्षांत या सासूने स्वप्नालीला देगलूरला इतकं कमी धाडलं होतं, की माहेरची कुत्रीही तिला परकी समजून भुंकायची. पंचमीलासुद्धा दिवस मावळायच्या आत परत. आणि आता सातवा लागतो न लागतो तोच म्हातारी स्वतः ओटी भरत होती. लाडू एवढे बांधून दिले की जीपचं मागचं चाक बसलं. खोटं वाटलं तर ड्रायव्हरला विचारा.

आदल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी स्वप्नालीची एक नवी तपासणी केली होती. दिवस भरायच्या आधीच बाळंत व्हायचा धोका हाय का न्हाई, ते सांगणारी. रिपोर्ट आणायला नवरा वीरेश आईला घेऊन गेला. परत येऊन म्हणाला, समदं नॉर्मल हाय. आणि बायकोकडे न बघता फटफटी पुसत बसला. स्वप्नालीला त्याचं काही वाटलं नाही. उदगीर येईपर्यंत तिने सासूचे इतके गुण गायले, की ड्रायव्हरने गाणी बंद केली.

चौथ्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात एवढ्याशा जिवाला ठेवायची काचेची पेटी नव्हती. नांदेडला न्या, म्हणाले. ॲम्ब्युलन्समधूनच तिच्या बापाने, गुरुबसप्पाने, लातूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, माय-लेकाला समोर बसवून सांगितलं होतं मी. पंधरा दिवसांत कळा येऊ शकतात, लातूर सोडू नका, पेटी इथे आहे, तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

स्वप्नालीने बापाच्या हातून फोन घेतला आणि सासूला लावला. म्हातारीला नीट समजलं नसेल, असं तिला अजून वाटत होतं.

"आत्याबाई, लेकरू लवकर येणार, हे तुमाला ठावं व्हतं?"

"हाव," गंगम्मा म्हणाली. "म्हणून तर घाईनं धाडलं, बाई. पहिलं बाळंतपण माहेरच्यानंच निस्तरायचं असतंय. लेकरू वाचलं, की आमी न्यायला येऊ."