विद्यार्थी गाडीत आहे

डॉक्टरांनी उशीर करू नका म्हणून बजावलं होतं. दवाखाना चार किलोमीटरवर होता आणि गाडी ताशी वीसच्या वर जायला तयार नव्हती. निनादने ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला होता. शेजारून एक आजोबा सायकलवरून पुढे निघून गेले, तेही शीळ घालत.

"गाडीत विद्यार्थी आहे," गाडी गोड आवाजात म्हणाली. "जिथे विद्यार्थी, तिथे शाळेची हद्द. वेगमर्यादा वीस."

"कुठला विद्यार्थी? आम्ही नवरा-बायको दोघंच आहोत."

"पोटातला. गर्भसंस्कार वर्ग, तुकडी ब. हजेरी शंभर टक्के."

मागच्या सीटवर कळा सोसणाऱ्या केतकीने डोळे उघडले. "तरी सांगत होते, जन्माआधी शाळा नको. तुलाच मेली घाई."

"त्याचं नाव काढून टाका शाळेतून," निनाद काकुळतीला आला.

"शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख लागते."

"निनाद, येतंय रे ते," केतकी कशीबशी म्हणाली.

त्याबरोबर गाडी भर चौकात थांबली. चारही दिवे लुकलुकू लागले. मागची वाहनं मुकाट्याने रांगेत उभी राहिली.

"विद्यार्थी उतरत आहे," गाडी म्हणाली. "कृपया हॉर्न वाजवू नये."