तांब्याभर पाणी

"सखू, झाली गो!"

हरेश्वर नाखवा आतून ओरडला. ओरडला म्हणजे अंगात जेवढं बळ उरलं होतं तेवढ्यानं बोलला. पण अंगणात सुकटीवरचे कावळे हाकलणाऱ्या त्याच्या बायकोला, सखुबाईला, ते बरोबर ऐकू गेलं. काठी टाकून ती आत धावली.

नाखव्याला जलोदर झाला होता. डॉक्टरांनी सुई घालून पोटातलं पाणी काढलं. पाठोपाठ हुडहुडी भरून ताप आला, पोटाला हात लावू देईना, आणि लघवी आटत आटत बंदच झाली. घोडागाडीतून आलेल्या डॉक्टरांनी परवा पुन्हा तपासलं. "यकृत आधीच दगडासारखं झालंय. त्यात पोटात पू. सगळा भार आता मूत्रपिंडांवर आला," ते म्हणाले. त्यातलं सखुबाईला फारसं कळलं नाही. शेवटचं मात्र कळलं. "लघवी सुटली तर माणूस तुमचा."

डॉक्टरांची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तिनं एकवीरा आईपुढे पदर पसरला होता. धन्याची लघवी सुटेल तेव्हाच माझ्या तोंडात घास.

तेव्हापासून अख्खा शीव कोळीवाडा एका माणसाच्या लघवीकडे डोळे लावून बसला. खाडीवर जाणारे गडी दारात थांबून विचारत, "सुटली का?" ज्याच्या एका हाकेसरशी साऱ्या होड्यांची शिडं चढायची, त्याची ही तऱ्हा! नाखव्याला लाज वाटे. पण लाजेपेक्षा बायकोचं सुकलेलं तोंड त्याला जास्त छळत होतं. त्यानं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. "माजी लघवी बंद हाय, तुजं जेवन कशाला बंद गो?" ती त्याचे सुजलेले पाय चेपत बसे.

आता खाटेखालचं खापराचं भांडं चांगलं निम्म्यावर भरलं होतं. सखुबाईनं आनंदानं दोन्ही हातांनी ते उचलून दाराच्या उजेडात आणलं आणि तिथंच थबकली.

बंद होण्याआधी त्याची जी थोडीफार लघवी होई, ती काकवीसारखी काळपट असे. हे नितळ होतं. भांड्याच्या तळाशी कुंभाराची बोटं उमटली होती, तीसुद्धा दिसत होती. वास नाही, काही नाही.

तिनं मागे वळून पाहिलं. उशाशी तांब्या होता. पोट पुन्हा भरू नये म्हणून डॉक्टरांनी दिवसभरात तेवढंच पाणी घ्यायला सांगितलं होतं, तेही घोटाघोटानं. सकाळी तिनं स्वतः तो काठोकाठ भरून ठेवला होता. आता तो रिकामा होता. आणि नाखव्याचे ओठ तडकलेले. त्यांवरून तो सारखी कोरडी जीभ फिरवत होता.

"झाली ना?" त्यानं विचारलं. नजर मात्र आढ्याकडे होती.

सखुबाईचा जीव गलबलला. एवढी तहान लागलेला माणूस, आणि त्यानं आपलं पाणी ओतून दिलं ते तिनं दोन घास खावेत म्हणून!

"झाली की," ती म्हणाली. "चांगली झाली."

शेजारून तिची जाऊ गुणवंती धावत आली. तोवर सखुबाईनं भांडं मोरीत रिकामं केलं होतं. "सुटली! भावजींची सुटली!" म्हणत गुणवंतीनं गल्ली डोक्यावर घेतली आणि जाता जाता भात-कालवणाचं ताट मांडून गेली.

सखुबाई ताटासमोर बसली. नवस मोडला तर काय होतं ते तिला ठाऊक होतं. ती मनातच म्हणाली, आये, पाप माजं. त्याच्यावर नको धरू.

मग ती नाखव्याला नीट दिसेल अशी सरकून बसली आणि जेवली. तो कुशीवर वळून तिचा घास न् घास बघत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

हात धुऊन तिनं तांब्या पुन्हा काठोकाठ भरला, त्याच्या मानेखाली हात घातला आणि तांब्या ओठांना लावला.

"दाक्तर रागवंल," तो पुटपुटला.

"कशाला रागवंल? तुमची झाली ना आता? मग प्या पोटभर."

नाखव्यानं तिच्याकडे पाहिलं. तीही बघत राहिली. मग तो डोळे मिटून घटाघटा प्यायला. थोडं पाणी छातीवर सांडलं, ते तिनं पदरानं टिपलं.

"सखू, खरी जेवलीस ना गो?"

"खरी."

"मग आन आनखी तांब्याभर."