गिळताना

हळद खणताना कुदळीनं ढेकूळ फुटलं आणि आतून बेडूक निघाला. थंडगार, डोळे मिटलेला. मला वाटलं, मेला.

"मेला न्हाई, आई. पाऊस येईपर्यंत मातीत झोपून राहतो, कातड्यानं श्वास घेतो," कॉलेजात जाणारी माझी संध्या म्हणाली. तिनं त्याला ठिबकच्या नळीखाली ओल्या मातीत ठेवलं.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, मुंगळा पकडला आणि गिळला. गिळताना त्याचे दोन्ही डोळे डोक्यात आत गेले. मी मागं सरले.

संध्या हसली. "डोळ्यानंच घास खाली ढकलतो तो. पाणीबी तोंडानं पीत न्हाई, अंगानं पितो."

दुपारी आम्ही मायलेकी लिंबाखाली जेवायला बसलो. संध्याचे पप्पा मात्र भाकरी घेऊन ठिबकच्या चिखलात जाऊन बसले.

"तिथं काहून बसून राहिले? पाणी तरी घ्या," मी म्हणाले.

"नको. तहान भागली," ते म्हणाले.

काल त्यांनी विहिरीत उतरून गाळ काढला, तो आम्ही मायलेकींनी वर ओढला. वर आल्यापासून त्यांनी तांब्याला हात लावला नव्हता.

त्यांनी घास तोंडात घातला, गिळला. त्यांचे डोळे पापण्यांसकट आत गेले, आणि सावकाश पुन्हा वर आले.

मी संध्याकडं वळले. ती आता हसत नव्हती. तिनं तोंडातला घास हातावर थुंकला होता.

"आई, गिळू नको."

पण माझा घास गळ्याखाली उतरला होता, डोळे आत ओढले जात होते, आणि भर दुपारचं ऊन माझ्यापुढून विझत चाललं होतं.