चुंबळ

मासे विकून परतताना लाँच बेटाच्या धक्क्याला लागायला आली. रिकामी पाटी डोक्यावर घेण्याआधी चांगुणाने सैल झालेली चुंबळ पुन्हा वळायला सोडली, आणि गर्दच्या दोन पुड्या तिच्या मांडीवर पडल्या.

बेटावर पुडी येऊ द्यायची नाही असं गावकीने ठरवलं, तेव्हा धक्क्यावर झडती घ्यायला सगळ्यांत आधी तीच उभी राहिली होती. त्यानंतर तिचा जयेंद्रही सुधारल्यासारखा झाला. रोज संध्याकाळी आईची पाटी उतरवायला धक्क्यावर येई. बायका कौतुक करत. बाजारातला बर्फवाला ‘मावशी, सैल झाली’ म्हणत रोज तिची चुंबळ का वळून देतो, हे तिला आत्ता कळलं.

पुड्या समुद्रात टाकायला हात उठेना, पोराचं नाव घ्यायला तोंड उघडेना. मग तिने त्या होत्या तशा गुंडाळल्या, चुंबळ आणि पाटी डोक्यावर घेतली आणि धक्क्यावर उतरून झडतीच्या रांगेत उभी राहिली. सापडू दे एकदाचं त्यांनाच.

“चांगुणाबाय, तू कशाला रांगेत?” पहाऱ्यावरची बाई हसली.

“माझीपण बघ गो.”

“तुझं काय बघायचं? तू होतीस म्हणून आमची पोरं वाचली.” तिने चांगुणाला हाताला धरून पुढे काढलं. लोकांनी वाट करून दिली.

पलीकडे जयेंद्र उभा होता, पाटी उतरवायला हात पुढे करून.