कलम गळून पडलं तेव्हा

दत्तक कार्यालयातल्या पडद्यावर अजून तेच वाक्य होतं: ‘दोन स्त्रियांच्या जोडप्यास मूल दत्तक देता येत नाही.’ हे कलम एका जुन्या संशोधनावर उभं होतं. कायदे संशोधनाला जोडल्यापासून, पाया खोटा ठरला की कलम आपोआप गळून पडायचं. प्राध्यापक तनुजा बोरकुटेने अशा घरांतल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. तिच्या निष्कर्षांची परक्या विद्यापीठांनी चालवलेली फेरतपासणी आज संपणार होती.

तिची जोडीदार शर्वरी शेजारी बसली होती. समोर अनाथाश्रमातल्या ताईंच्या मांडीवर चार वर्षांची ओवी होती.

“निकाल उलटा आला तर?” शर्वरीने विचारलं.

“तर मलाही तो मानावाच लागेल,” तनुजा म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावरचं वाक्य पुसलं गेलं. टेबलापलीकडचे अधिकारी खुर्चीतून उठलेच. “आता काहीच आड येत नाही,” ते हसून म्हणाले.

शर्वरी रडायलाच लागली. ओवी खाली उतरली. “मग चप्पल घालू?”

तनुजा गुडघ्यांवर बसली आणि घाईघाईने तिच्या पायांत चपला चढवू लागली.

“उलट्या घातल्यास,” ओवी म्हणाली.