भरल्या वांग्यांची रेष

बेशुद्ध पेशंटला काय ऐकायला आवडतंय, ते पडद्यावरच्या हिरव्या रेषेवरून कळायचं. कुमुदिनीबाईंनी नवऱ्यासाठी क्रिकेटचा पॉडकास्ट सुचवला. रेष ढिम्म हलली नाही. सिस्टर हेमांगीने राजकारणाचा लावला, भुतांच्या गोष्टी लावल्या, तरी तेच.

“स्वयंपाकाचा लावू?”

“छे! बत्तीस वर्षांत जेवण बरं झालंय म्हणून एकदाही बोलले नाहीत हे.”

तरी सिस्टरने लावला. कोणी बाई भरली वांगी सांगत होती. रेष जराशी हलली.

“तीळ न भाजताच घालतेय ही! मी असं कधी केलं नाही,” कुमुदिनीबाई फणकारल्या, आणि रेष पार वरपर्यंत उसळली.

सिस्टरने पॉडकास्ट बंद केला. “पुढचं तुम्हीच सांगा.”

बाईंनी डोळे पुसले, सिस्टरला हात जोडले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“अहो, ऐका. आधी वांगी कोवळी बघून घ्यायची…”