दाराशी अडखळणारी पावलं

शूटिंगमध्ये पावलांचे आवाज नीट येत नाहीत. मग नंतर स्टुडिओत कुणीतरी पडद्याकडे बघत, नायिकेसारखीच चप्पल घालून चालतं आणि ते आवाज भरतं. ती हे काम करायची. आज एका हिंदी सिनेमाची नायिका सासर कायमचं सोडून चालली होती आणि तिची पावलं काही केल्या जमत नव्हती.

"ताई, पुन्हा दाराशी अडखळलात," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला. "ती बाई नवऱ्याला सोडून चाललीय. तुमची पावलं गॅसवर दूध राहिल्यासारखी वाजतायत."

तिला हसू आलं. "काय करू दादा? पायांना सवयच तशी."

"बरं, माहेरी निघाल्यासारखं चाला."

"माहेरी जाताना तर दोनदा मागे फिरते. सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचा डबा..."

रेकॉर्डिस्टनं कपाळाला हात लावला. "अहो, मागे वळून न बघता कधीतरी घराबाहेर पडत असाल की नाही?"

तिनं पायातली चप्पल नीट केली.

"पडते ना," ती म्हणाली. "इथं यायला."

"मग तसं चाला."

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. पावलं निघाली आणि दार ओलांडून सरळ पुढे गेली.

"झकास!" रेकॉर्डिस्ट म्हणाला. "सिनेमाचं कामच आटोपलं. निघा आता घरी."

ती जागची हलली नाही.

"दादा," तिनं विचारलं, "अजून एकदा घेऊ या?"